वीस मिनिटं न हलता

टेबलावर आडवे होऊन चार मिनिटंही झाली नव्हती, एवढ्यात मास्तरांचा उजवा पाय उडाला आणि पायथ्याशी उभी असलेली औजारांची गाडी भिंतीवर जाऊन आपटली. चिमटे, नळ्या, वाट्या, सगळं फरशीवर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी अजून पातं हातात घेतलं नव्हतं, हे सगळ्यांचंच नशीब.

डॉक्टर भला माणूस. आवाज चढवला नाही. तोंडावरचा मास्क खाली ओढून ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुम्हाला एकच डोळा आहे. तो उघडलेला असताना असे हललात, तर मला काही करता येणार नाही. मला वीस मिनिटं हवीत. वीस मिनिटं स्वस्थ पडता येईल त्या दिवशी या."

मास्तर म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं कोट शिवून शिवून गल्लीतल्या लहानथोरांचे मास्तर झालेले. डावा डोळा लहानपणीच दगड लागून गेलेला, आणि आता उजव्यात मोतीबिंदू असा पिकलेला की सुईत दोरा ओवायचा तर मास्तरीणबाईंना हाक मारावी लागे. पूर्ण भूल द्यावी तर छाती जुन्या दम्याने पोखरलेली. म्हणजे जागं राहून, डोळा उघडा ठेवून, वीस मिनिटं पडून राहणं, एवढाच रस्ता उरला होता. लहान मूलही करील असं काम. मास्तरांना ते जमलं नाही.

बाहेर बाकावर बसून ते चपला घालत होते, तेव्हा ऑपरेशनच्या खोलीतली सिस्टर मागोमाग आली. ही बाई बोलायला फटकळ, पण नजर पक्की. तिने मास्तरीणबाईंना बाजूला घेतलं. हा माणूस घाबरलेला नव्हता, असं तिचं म्हणणं. घाबरलेल्याचे हात आधी थरथरतात. तिने मास्तरांचे दोन्ही हात धरून ठेवले होते आणि ते लाकडासारखे स्थिर होते. नाचत होते ते फक्त पाय. तिच्या आईचे पाय असेच होते म्हणे. तिने एका चिठ्ठीवर नाव-पत्ता लिहून दिला.

चिठ्ठीवर मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांचं नाव होतं. ते ऐकताच मास्तरांचा पारा चढला. आपल्याला वेड लागलंय की काय? चिठ्ठी खिशात गेली आणि पंधरा दिवस खिशातच राहिली.

ते पंधरा दिवस घरात पडून राहण्याची तालीम चालली. रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की मास्तर खाटेवर उताणे होत, आणि मास्तरीणबाई भिंतीवरच्या घड्याळाखाली स्टूल घेऊन बसत. पहिली दोन मिनिटं सगळं ठीक. तिसऱ्या मिनिटाला पोटऱ्यांच्या आत, हाडाजवळ कुठेतरी, काहीतरी जागं होई. दुखणं म्हणावं तर दुखणं नाही. खाज नाही, मुंग्या नाहीत, पेटके नाहीत. नुसता हुकूम: हलव. हलवला की क्षणभर स्वर्ग. क्षण संपला की पुन्हा हुकूम. नाहीच ऐकलं तर तो असा वाढत जाई की पाय कापून बाजूला ठेवावा असं वाटे. सगळ्यात मोठा पल्ला सात मिनिटांचा. त्या दिवशी आठव्या मिनिटाला मास्तर उठून अंगणात गेले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. बासष्ट वर्षांचा माणूस आपण भित्रा निघालो म्हणून रडत होता, आणि बायकोला दिसू नये म्हणून येरझाऱ्या घालत होता.

खरं तर त्यांच्या घराण्यात स्वस्थ बसण्याची रीतच नव्हती, आणि त्याचा तोरा केवढा. मास्तरांचे वडीलही शिंपी. ते उभ्याने कापड कापत, उभ्याने जेवत आणि सांगत की आपल्या घरात रिकामं बसणारं कुणी जन्मलंच नाही. मास्तर त्यांचेच चिरंजीव. शिवणयंत्राचं पायडल सकाळी नऊला सुरू होई ते रात्री नऊला थांबे. गिऱ्हाईक कौतुकाने म्हणत, मास्तरांच्या पायाला भिंगरी आहे. मास्तर ते कौतुक खिशात घालत आणि आणखी जोरात पायडल मारत.

मग तीन वर्षांपूर्वी मुलाने वडिलांना आराम म्हणून यंत्राला विजेची मोटर बसवून दिली. मुलगा मोटारी दुरुस्त करणारा, हात सफाईचा. एका रविवारी चामड्याचा पट्टा निघाला, पायडल निघालं, आणि त्या जागी पायाच्या अंगठ्याने दाबायचं एक इवलंसं बटण आलं. मास्तरांनी पोराची पाठ थोपटली. त्यानंतर काही दिवसांतच पायांची भानगड सुरू झाली, पण तिचा यंत्राच्या मोटरशी संबंध असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. वय झालं, सांधे गेले, असं ठरवून मास्तरांनी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून दुखण्याच्या गोळ्या आणल्या आणि चण्या-फुटाण्यासारख्या खाल्ल्या.

सात मिनिटांच्या त्या फजितीनंतर मास्तरीणबाईंनी खुंटीवरचा कोट झटकताना चिठ्ठी बाहेर काढली आणि नवऱ्याला काही न विचारता वेळ ठरवून टाकली.

नसांच्या डॉक्टर एक ठेंगण्या, केस पिकलेल्या बाई निघाल्या. खोलीत ना मोठं यंत्र, ना दिव्यांची पेटी. एक टेबल, तीन खुर्च्या, गुडघ्यावर मारायची एक रबरी हातोडी. त्यांनी ती हातोडी दोनदा मारली, पायांच्या तळव्यांवरून बोट फिरवलं आणि मग पेन उघडून नुसत्या विचारत बसल्या. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, असं होतं का? बसलं किंवा पडलं की ते वाढतं का? उठून चाललं की थांबतं का? आणि सकाळपेक्षा संध्याकाळी जास्त असतं का?

मास्तर चारही वेळा हो म्हणाले, आणि चौथ्या 'हो'ला त्यांच्या अंगावर काटा आला. ही बाई जणू त्यांच्या पोटरीत बसून आली होती. तीन वर्षांत जे त्यांनी बायकोलाही धड सांगितलं नव्हतं, ते एक परकं माणूस त्यांना ओळीने विचारत होतं.

"नेमकं कसं वाटतं, तुमच्या शब्दांत सांगा," डॉक्टर म्हणाल्या.

मास्तरांनी सदऱ्याची कड बोटांत धरून चाचपली. मग म्हणाले, "कोटाच्या अस्तरात आत एक दोरा सुटा राहिलाय आणि कुणीतरी तो बाहेरून ओढतंय."

डॉक्टरांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. या आजाराला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. पायांना चैन नसण्याचा आजार. कितीतरी लोकांना असतो, आणि त्यातले बरेचजण स्वतःला भित्रे, चंचल नाहीतर वेडे समजून गप्प राहतात.

मास्तरांना खरं वाटेना. एवढ्या चार प्रश्नांवर आजार कळतो?

"एवढ्यावरच कळतो," त्या म्हणाल्या. "हा दाखवणारं यंत्र माझ्याकडे नाही. माणसाला विचारायचं आणि तो सांगेल ते नीट ऐकायचं."

मास्तर थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिले. छाती, कंबर, खांदा, बाही, एवढ्या मापांवर अख्खा माणूस कापडात उभा करणारे ते. पण टेप न लावता कुणी असं आतलं माप घेताना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी विचारलं की हे सुरू झालं तेव्हा, तीन वर्षांपूर्वी, आयुष्यात काय बदललं. मास्तर आठवू लागले. आजारपण नाही, घर तेच, दुकान तेच. शेवटी मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "मोटर बसवली."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांना आधी काही कळलं नाही. मग मास्तरीणबाईंनी सगळं सांगितलं. पायडल, बारा-बारा तास, चाळीस वर्षं. लग्न होऊन आल्यापासून हे बसलेत आणि पाय थांबलेत, असं आपण एकदाही पाहिलेलं नाही. जेवताना पाटावरसुद्धा पाय चालूच.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या. इतका वेळ कामाचा असलेला त्यांचा चेहरा एकदम बदलला. "मास्तर," त्या म्हणाल्या, "आजार तीन वर्षांचा नाही. चाळीस वर्षांचा असेल. तुमचे पाय रोज संध्याकाळी आपलं औषध आपणच घेत होते, तुम्हाला न विचारता."

मास्तरांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. धुक्यातून दिसावेत तसे दोन पाय दिसत होते, जुन्या चपलांतले, टाचा फुटलेले. आयुष्यभर त्यांनी हातांचं कौतुक ऐकलं होतं. पाय काय, हातांचे हमाल. आणि हे हमाल चाळीस वर्षं मालकाला सांभाळत होते. मास्तरांना त्या क्षणी आपल्याच पायांना हात लावावासा वाटला, आणि डॉक्टर समोर आहेत म्हणून त्यांनी लावला नाही.

घरात आणखी कुणाला असं होतं का, हा पुढचा प्रश्न. हा आजार पुष्कळदा घराण्यातून येतो म्हणे. मास्तरांनी वडिलांचं सांगितलं, पण आधी हसत सांगितलं, ती उभ्याने जेवण्याची गोष्ट. मग हसणं मागे पडलं. बारा वर्षांचे असताना ते तापाने फणफणले होते, आई माहेरी होती, आणि वडील रात्रभर बाहेरच्या पडवीत फेऱ्या मारत राहिले. एकदाही उशाशी येऊन बसले नाहीत. ती गोष्ट मास्तरांनी पन्नास वर्षं काळजात ठेवली होती आणि बाप गेला तेव्हाही विसरले नव्हते.

"म्हणजे त्यांना बसताच येत नसेल?" त्यांनी विचारलं.

"मी त्यांना पाहिलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण फेऱ्या दाराबाहेरच मारत होते ना? लांब गेले नाहीत."

मास्तरांनी मान खाली घातली. डोळ्याचं पाणी पुसायला मास्तरीणबाईंनी पदर पुढे केला आणि त्यांनी तो घेतला.

मग रक्त तपासलं. वरवर रक्त बरं होतं, पण शरीरातला लोहाचा साठा विचाराल तर कोठार जवळजवळ रिकामं. पंच्याहत्तरच्या वर असावा असं डॉक्टरांना वाटे तो आकडा मास्तरांचा होता अकरा. रक्तात चालून जाईल एवढं लोह असलं तरी मेंदूला ते पुरत नाही, आणि मग पायांना ही हुरहुर लागते, असं त्यांनी समजावलं. पण लोह गेलं कुठे? या वयाच्या माणसात ते शोधलंच पाहिजे म्हणून पोटात दुर्बीण घातली. जठरात एक जखम निघाली, थेंब थेंब झरणारी. दुखण्याच्या गोळ्यांचा प्रताप. म्हणजे पायांसाठी खाल्लेल्या गोळ्या पोटातून रक्त काढत होत्या, आणि रक्त गेलं की पाय आणखी चळत होते, आणि पाय चळले की मास्तर आणखी गोळ्या खात होते. हे ऐकून मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. शिवाय ऑपरेशनच्या दिवशी मन शांत राहावं म्हणून त्यांना जी झोपेची गोळी दिली होती, ती नेमकी हे पाय भडकवणाऱ्यांतली. त्यात ऑपरेशन दुपार कलल्यावर, म्हणजे पायांची वेळ जवळ आलेली. डॉक्टरांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं: ही गोळी नको, आणि ऑपरेशन सकाळी पहिलं.

"त्या खोलीला खिडकी नव्हती," मास्तर म्हणाले. "पायांना कसं कळलं की संध्याकाळ होत आलीय?"

"शरीरात आतच एक घड्याळ असतं. सूर्य दिसला नाही तरी आत संध्याकाळ होतेच."

हे एक वाक्य मास्तरांना कितीतरी दिवस पुरलं. येता-जाता, कापड मोजताना, ते मध्येच थांबत. आपल्या आत रोज एक संध्याकाळ होते, आणि बासष्ट वर्षं तिच्या शेजारी राहूनही आपली तिच्याशी ओळख नाही. ते भेटेल त्याला सांगत सुटले. गिऱ्हाइकं माना डोलवत आणि बाहीचं विचारत.

पोटात जखम, म्हणून लोह शिरेतून द्यायचं ठरलं. बाटलीतलं ते औषध गंजलेल्या खिळ्यांचं पाणी असावं तशा रंगाचं होतं. ते नळीतून उतरून आपल्या दंडात शिरताना मास्तर श्वास रोखून बघत होते. सुई लोखंडाची, कात्री लोखंडाची, आणि मनाची शांतीसुद्धा लोखंडाची असेल असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जोडीला रात्रीची एक लहान कॅप्सूल, जखमेची औषधं, आणि धीर. लगेच फरक पडणार नाही, दीड-दोन महिने लागतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मुलाला सगळं कळलं तेव्हा तो दोन दिवस दुकानाकडे फिरकलाच नाही. तिसऱ्या दिवशी माळ्यावरून पायडल आणि पट्टा काढून तो दुकानात आला आणि खाली बसून मोटरचे स्क्रू काढू लागला. "बाबा, मीच तुम्हाला या फेऱ्यात टाकलं," एवढंच म्हणाला. मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आजार माझ्या बापाकडून आलाय, तुझ्याकडून नाही, ते म्हणाले, तू फक्त वरचं झाकण काढलंस, नाहीतर मी काही न कळताच गेलो असतो.

सहा आठवडे काहीच झालं नाही. थोडंफार झालं असेल, पण मास्तरांना ते मान्य नव्हतं. मग एका संध्याकाळी शेजारचे निवृत्त पोस्टमन गप्पा मारायला आले. ते गेले, दिवा लागला, आणि मास्तर खुर्चीत बसूनच होते. घड्याळाकडे मास्तरीणबाईंचं लक्ष गेलं. पाऊण तास झाला होता. त्यांनी नवऱ्याच्या पायांकडे बोट दाखवलं. मास्तर घाबरून खाली बघू लागले, पायांना काही झालं की काय म्हणून. पाय होते. आपले नुसते होते, दोन उशा ठेवाव्यात तसे. आतून काही येत नव्हतं. हुकूम नाही, ओढ नाही, काही नाही. सगळ्या जगाला हे फुकट मिळतं, रोज मिळतं, या विचाराने मास्तर असे भारावले की त्यांना जेवण गेलं नाही.

दोन महिन्यांनी, सकाळी साडेआठला, ते पुन्हा त्या टेबलावर आडवे झाले. तीच सिस्टर होती. तिने औजारांची गाडी मुद्दाम लांब उभी केली आणि मास्तरांना ते ऐकवलंही.

तोंडावर कापड आलं. डोळ्यासमोर पांढरा उजेड आला, आणि उजेडात पाणी हलावं तशा रंगांच्या लाटा येऊ लागल्या, निळ्या, गुलाबी, मग ज्याला नाव नाही असा एक. डॉक्टर अधूनमधून बोलत होते. पाच मिनिटं झाली. दहा झाली. चौदाव्या मिनिटाच्या आसपास उजव्या पोटरीत, खूप खोल, काहीतरी चाळवलं.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. पातं डोळ्यात होतं. नसांच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की तसं झालंच तर मनाला नेटाचं काम द्या, मन गुंतलं की पाय मागे पडतात. मास्तरांनी मनातल्या मनात कापड पसरलं. चांगलं काळं लोकरी कापड. कुणाचा कोट? वडिलांचा. आयुष्यात कधी त्यांना माप द्यायला उभं केलं नव्हतं. त्यांना कोण उभं करणार? आज उभे राहिले. खांदा साडेसतरा. पाठ. छाती, श्वास सोडून. बाहीचा मुंढा जरा खोल, कारण हात सारखे हलते. मास्तरांनी खडूने रेघ मारली, कात्री घातली, आणि कात्रीच्या आवाजाखाली पोटरीतला हुकूम हळूहळू बारीक होत गेला. डावी बाही कापून होते तोच डॉक्टरांचा आवाज आला, "झालं, मास्तर."

सिस्टरने कापड काढताना त्यांचे पाय थोपटले. एकवीस मिनिटं, ती म्हणाली, एक जास्तीचं दिलंत.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. रस्ता, झाडं, लोकांच्या शर्टांचे रंग, सगळं धुऊन वाळत घातल्यासारखं लख्ख. मास्तर दुकानात आले ते थेट खुंटीकडे गेले. तिथे तयार कपडे टांगलेले होते, इस्त्री करून गिऱ्हाइकाची वाट बघणारे. इस्त्री आणि घडी मास्तरीणबाईंची, त्यामुळे यंत्रावरून उतरलेला कपडा पुन्हा मास्तरांच्या हाती येत नसे. त्यांनी एक कोट काढला, उजेडात नेला आणि आतली शिवण उलटून पाहिली. आपलं काम बघायला ते वर्षभर आसुसले होते.

शिवण सरळ होती. सुतात होती. फक्त यंत्राची नव्हती. बारीक, एकसारखी, हाताने घातलेली टीप, आणि तिच्या बाजूला कापडात जुन्या टाक्यांची भोकं, उसवून टाकलेल्या शिवणीची. ती भोकं रेघेवरून भरकटत पार बोटभर दूर गेली होती. मास्तरांनी दुसरा कोट काढला. तिसरा. पँटी, वास्कुटं. सगळीकडे तेच. वाकडी, आंधळी टीप यंत्राची होती, आणि ती उसवून शेजारून गेलेला तो हात त्यांनी चाळीस वर्षं काजांवर पाहिला होता.

मास्तरीणबाई आत काज करत बसल्या होत्या. मास्तर दारात येऊन उभे राहिले.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

मास्तरीणबाईंनी मान वर केली, कोट पाहिला आणि पुन्हा सुईकडे वळल्या. "दीड वर्ष झालं असेल. तुम्ही रात्री अंगणात फेऱ्या मारायचात, मला तरी कुठे झोप लागायची."

"बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुम्ही शिवणं सोडलं असतं. मग दिवसभर काय केलं असतंत?"

एक अख्खं माणूस दीड वर्षं रोज रात्री त्यांची चूक उसवत होतं, आणि त्यांना वाटत होतं की घरात त्यांच्या पायांखेरीज कुणी जागं नाही. त्यांना एवढं मोठं काही आयुष्यात दिसलं नव्हतं, आणि दिसलं ते परत आलेल्या डोळ्याला पहिल्याच दिवशी. त्यांनी स्टूल ओढलं, बायकोच्या समोर बसले आणि तिची सुई कापडातून खाली जाताना आणि वर येताना बघत राहिले. कोटाला सहा काजं होती. सहाही होईपर्यंत ते उठले नाहीत.